पारकर आणि पार्कर

दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला केपटाऊन नावाचं बंदर आहे. तिथल्या मुसलमान वस्त्यांत एक आडनाव पुष्कळ ऐकू येतं. पार्कर. आपल्याकडे पार्कर म्हटलं की आधी खिशाला लावायचं पेन आठवतं, आणि त्यानंतर एखादा इंग्रज साहेब. पण केपटाऊनच्या या पार्करांची नावं जॉन किंवा मेरी अशी नाहीत. ती इस्माईल, यूसुफ, फातिमा, आयेशा अशी आहेत. या माणसांचं इंग्रजांशी काही नातं नाही. त्यांचे पणजे-खापरपणजे आपल्या कोकणातून गलबतात आणि मग आगबोटीत बसून गेले, आणि निघाले तेव्हा त्यांचं आडनाव पारकर होतं.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक एका अक्षराचा आहे. शेवटच्या ए या अक्षराच्या जागी ई आली, एवढंच. पण त्या एका अक्षरानं आडनावाचा अर्थ पुसला, गाव पुसलं आणि भाषाही पुसली. इंग्रजांमधला मूळचा पार्कर म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या रानाचा राखणदार. नॉर्मन राजे इंग्लंडात आले, त्यांनी हरणांसाठी रानं कुंपणात घेतली, त्या कुंपणाला पार्क म्हणत, आणि त्यावर नेमलेला माणूस पार्कर. आमच्या पारकराचा हरणाशी काही संबंध नाही. त्याच्या नावात एक जागा आहे, पार. आणि त्या जागेला जोडलेला आपला नेहमीचा 'कर' आहे.

हा 'कर' आपल्या इतका सवयीचा आहे की त्याच्याकडे आपण नीट बघत नाही. माणसाला गावाचं नाव लागतं केव्हा? गावात असताना नाही. मी राहतो ते कुडपण पोलादपूर तालुक्यात, डोंगरात उंचावर आहे. इथं शेलारांची घरं जास्त. कुडपणात राहणाऱ्याला कुडपणकर म्हणायची कुणाला गरज पडत नाही. सगळेच कुडपणचे, मग ओळख काय झाली? तो माणूस घाट उतरून परक्या गावात गेला, चार दिवस राहिला, की तिथले लोक म्हणतात, 'तो कुडपणकर आलाय बघा.' म्हणजे 'कर' हे राहणाऱ्याचं नाव नव्हे. ते निघालेल्याचं नाव आहे. महाडात महाडकर शोधू नये, तो मुंबईत सापडतो. कोकणात 'कर' एवढे उदंड आहेत याचं एक कारण कोकणातला माणूस पोटासाठी सतत निघत आला, हे आहे.

जगात असं करणारे आपण एकटे नाही. पोलंडमध्ये आडनावाच्या शेवटी 'स्की' येतं. वार्शाव्स्की म्हणजे वॉर्साचा, क्राकोव्स्की म्हणजे क्राकोचा. सुरुवातीला ही चाल तिथल्या जमीनदार सरदारांची होती, ज्याची जहागीर ज्या गावात त्याचं नाव त्या गावावरून. पुढे ती सामान्य लोकांनीही उचलली आणि मग गावाचा संबंध नसतानाही 'स्की' लागू लागलं. कोवाल म्हणजे लोहार, त्याचा झाला कोवाल्स्की. पोलंडमध्ये बाईचं आडनाव बदलतं, कोवाल्स्कीची बायको कोवाल्स्का. आपल्याकडेही जुन्या बोलण्यात पारकरीण होतीच की! महाराष्ट्राला ही नावं अगदीच परकी नाहीत. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथं पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते. त्या छावणीत या 'स्की' आणि 'स्का' मंडळींचा रोजचा बाजारहाट कोल्हापूरकरांशी होता. दोघांच्याही आडनावाचं व्याकरण एकच आहे, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं असेल का, असं मला उगीचच वाटत राहतं.

आता पार कुठला, ते बघू.

आमच्या डोंगरापलीकडे जावळीचं खोरं लागतं. तिथं प्रतापगड, आणि गडाच्या पायथ्याशी कोयनेच्या काठावर पार नावाचं गाव. रामवरदायिनीचं देऊळ आहे, शिवकाळातला दगडी पूल आहे. १६५९ साली अफझलखानाचा तळ याच पारच्या परिसरात पडला होता. या गावावरून कोकणात उतरणारा तो पार घाट. घाटावरचा माल या वाटेनं पोलादपूरच्या अंगाला उतरायचा, तिथून महाड, आणि महाडहून सावित्रीच्या पाण्यानं दासगाव, आंबेत, महाप्रळ करत बाणकोटला समुद्रात. भरतीच्या पाण्यावर पडाव महाडपर्यंत येत, म्हणून महाडला बंदर म्हणत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी महाबळेश्वरहून आंबेनळीचा गाडीरस्ता काढला आणि पारची वाट मागे पडली. आज तिथं ट्रेकिंगची पोरं भेटतात.

पण सगळेच पारकर या एका पारचे, असं मी म्हणणार नाही. पार या शब्दाला मराठीत दुसरेही अर्थ आहेत. नदीचा किंवा खाडीचा पलीकडचा काठ म्हणजे पार. तरीतून उतारू पार होतात. वडाच्या बुंध्याभोवती बांधलेला ओटा, तोही पार, आणि त्यावरून वाडीला नाव पडणं हे कोकणात रोजचं आहे. घाटाच्या तोंडाशी, खाडीच्या काठाशी, झाडाच्या बुडाशी, अशा कुठल्याही पारावरून निघालेला माणूस पारकर होऊ शकतो. त्यामुळे दोन पारकर भेटले तर ते भाऊबंद असतीलच असं नाही. एकाच आडनावाचे सगळे लोक एका मूळपुरुषाचे, ही समजूत गावाच्या नावावरून पडलेल्या आडनावांना लागू पडत नाही.

गावाला धर्म नसतो, म्हणून गावाच्या आडनावालाही नसतो. पारकर हिंदूंत आहेत, मुसलमानांत आहेत. क्रिकेटचे शौकीन असाल तर आठवून बघा. रामनाथ पारकर १९७२ साली इंग्लंडविरुद्ध दिल्ली आणि कलकत्त्याला दोन कसोटी सामने खेळले. दहा वर्षांनी, १९८२ साली, गुलाम पारकर लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्धच एक कसोटी खेळले. दोघेही मुंबईचे सलामीवीर, दोघांनीही कसोटीत सुनील गावस्करांबरोबर डाव उघडला, दोघांची मुळं जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात. गुलाम पारकरांचं जन्मगाव चिपळूणजवळचं कालुस्ते. त्यातले एक हिंदू, एक मुसलमान. धावफलकावर मात्र दोघांच्याही नावापुढे पारकरच लिहिलं गेलं.

कोकणी मुसलमानांच्या आडनावांचे ढोबळमानानं तीन ढीग करता येतात. पहिला या गावच्या 'कर'चा. दुसरा हुद्द्यांचा: काझी, खतीब, मुकादम, देशमुख, सरखोत. तिसरा दर्यावरच्या कामाचा: तांडेल म्हणजे खलाशांचा म्होरक्या, सारंग म्हणजे त्याच्याही वरचा, नाखवा म्हणजे तारवाचा मालक किंवा कप्तान. हे सारंग आणि नाखवा फारसीतून आले आणि खारं पाणी पिऊन मराठी झाले. या तिसऱ्या ढिगावरून कळेल की हे लोक आधीपासून दर्यावर्दी. आगबोटी आल्या तेव्हा मुंबईच्या गोदीत खलाशी, आगवाला म्हणून कोकणातली माणसं भराभर भरती झाली. तिथून आफ्रिकेचा किनारा दूर नव्हता.

दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थानी माणूस दोन वाटांनी गेला. १८६० पासून नाताळात ऊस तोडायला करारानं नेलेले मजूर, ही एक. त्यांच्यामागोमाग स्वतःचं तिकीट काढून गेलेले, ही दुसरी. त्यांना तिथं 'पॅसेंजर इंडियन' म्हणत. पॅसेंजर म्हटलं की आपल्याला गुजराती शेठ डोळ्यापुढे येतो. गांधीजींना १८९३ साली नेणारी पेढीही तसलीच होती. पण केपटाऊनच्या कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री, या गांधीजींच्याच पणती, त्यांनी दाखवून दिलं आहे की पॅसेंजर म्हणून गेलेल्यांत साधे कष्टकरी पुष्कळ होते. फेरीवाले, हमाल, कामगार. त्यांत कोकणी मोठ्या संख्येनं होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला ही मंडळी गेली. त्यांचे पत्ते तिथल्या कागदांवर रत्नागिरी, कुलाबा किंवा हबसाण असे पडले. हबसाण म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाचा मुलूख: मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन. कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा; हे नाव १९८१ साली बदललं.

आता त्या बंदरावरच्या टेबलाशी जाऊ, कारण आडनावाचं खरं काय झालं ते तिथं झालं.

केप वसाहतीनं १९०२ साली कायदा केला. उतरणाऱ्या माणसाला कुठल्या तरी युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहून त्यावर सही करता आली पाहिजे. कायद्यात हिंदुस्थानी असा शब्द नव्हता, पण कायदा कुणासाठी होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमचा पारकर कुराण वाचणारा, मोडी किंवा उर्दू जाणणारा असला तरी त्या टेबलापुढे निरक्षर. त्याच सुमाराला त्याच बंदरात आणखी एक गरीब लोंढा उतरत होता. झारच्या रशियाखाली असलेल्या लिथुआनिया आणि पोलंडच्या भागांतले ज्यू. त्यांची आडनावं 'स्की'ची, आणि भाषा यिद्दिश. ही भाषा हिब्रू लिपीत लिहितात, म्हणजे उजवीकडून डावीकडे, उर्दूसारखी. मग ती युरोपीय मानायची की नाही, असा वाद झाला. १९०६ च्या नव्या कायद्यानं यिद्दिशला युरोपीय भाषा मानलं. 'स्की' आत आले. त्यांनी यावं यात वावगं काही नाही, ते बिचारे छळाला कंटाळून निघालेले. पण 'कर' दाराबाहेर राहिले, ते अक्षरांच्या वळणामुळे नाही, हे त्या एका कलमानं उघड केलं.

जे कोकणी आधीच आत होते, त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न होता. गावी बायकामुलं. दोन-चार वर्षांनी घरी जायचं तर परतीचा परवाना काढावा लागे. त्यावर फोटो, अंगठ्याचे ठसे, आणि नाव. मुदतीत परतला नाही तर केपचा हक्क गेला. पुढे मुलगा आणायचा झाला तर तो सोळा वर्षांच्या आतला पाहिजे आणि तो याच बापाचा आहे हे सिद्ध झालं पाहिजे. अधिकारी बापाला एका खोलीत आणि पोराला दुसऱ्या खोलीत बसवून विचारत: घराला दारं किती, विहीर कुठल्या बाजूला, आज्याचं नाव काय. पुतण्याला मुलगा म्हणून आणणारेही होते. पोटासाठी माणूस काय करत नाही? अशा ठिकाणी कागदावरच्या नावाला केवढं मोल आलं असेल, विचार करा. बापाच्या परवान्यावर जे स्पेलिंग, तेच पोराच्या. एकदा लिहिलं गेलेलं चुकीचं नाव दुरुस्त करायला जाणं म्हणजे आपण तो माणूस नाही असं स्वतःहून सांगायला जाणं. त्यामुळे चूक हाच पुरावा झाला.

पारकरचं पार्कर इतक्या सहज का झालं, यात एक कानाची गंमत आहे. 'पारकर' हा शब्द आपण उच्चारतो तसा मोठ्यानं म्हणा. शेवटच्या 'कर'मधला अ अगदी लहान आहे. इंग्रजाच्या कानाला तो त्याच्या ओळखीच्या पार्करसारखाच वाटणार, आणि पार्करचं स्पेलिंग त्याला लहानपणापासून पाठ. कारकुनानं नाव बिघडवलं असं म्हणायला माझं मन घेत नाही. त्यानं ऐकलं ते लिहिलं, आणि ऐकलं ते त्याच्या ओळखीचं होतं. पेणकर किंवा महाडकर उभा राहिला असता तर त्याला अक्षरं विचारत विचारत लिहावं लागलं असतं. दळवींचं तसंच झालं. केपटाऊनला त्यांच्या स्पेलिंगच्या शेवटी एक जादा ई चिकटली, पण ते दळवी म्हणून ओळखू येतात. पारकर मात्र तयार इंग्रजी नावात शिरला आणि आत दिसेनासा झाला. पुढच्या पिढीनं ते तसंच ठेवलं यातही नवल नाही. दुकानाच्या पाटीवर पार्कर बरं दिसतं, आणि गोऱ्यांच्या राज्यात इंग्रजी वाटणारं नाव टाकून देण्याचा वेडेपणा कोण करील?

अर्थात त्या नावानं गोरेपण मिळालं नाही. १९५० साली दक्षिण आफ्रिकेनं प्रत्येक माणसाची वंशावर नोंद करणारा कायदा केला आणि त्याच वर्षी कुणी कुठे राहायचं हे वंशावर ठरवणारा दुसरा. कोकण्यांपैकी बऱ्याच जणांनी तिथल्या केप मलाय मुसलमान घरांत लग्नं केली होती. मग बाप इंडियन, आई मलाय, पोरांना कुठल्या रकान्यात घालायचं? शहराच्या मधोमध असलेला डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग ११ फेब्रुवारी १९६६ रोजी गोऱ्यांसाठी राखीव म्हणून जाहीर झाला आणि तिथली सगळी मिसळलेली वस्ती उठवून शहराबाहेर फेकली गेली. हिंदुस्थानी म्हणून नोंद झालेल्यांना रायलँड्स हा भाग नेमून दिला होता. म्हणून आज केपटाऊनची कोकणी वस्ती तिथं दाट सापडते. हा आडनावाचा नकाशा माणसांनी आपण होऊन काढलेला नाही, हे तो बघताना ध्यानात ठेवलं पाहिजे.

घरी मात्र बोली टिकली. केपटाऊनच्या कोकणीवर तिथल्या विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ राजेंद मेस्त्री यांनी अभ्यास केला आहे. मराठीची ही खाडीकाठची बोली तिथं शंभरावर वर्षं बोलली गेली. आता नव्या पिढीत इंग्रजीचा जोर आहे. कल्याणहून गेलेले सूफी साहेब १८९५ साली दक्षिण आफ्रिकेत पोहोचले आणि डर्बनमध्ये स्थिरावले. केपटाऊनची हबिबिया मशीद त्यांच्याच परंपरेतली, आणि ती कोकण्यांना एकत्र धरून ठेवणारी एक जागा झाली.

गावाकडचा दोरा तुटला तो दुसऱ्याच कारणानं. वंशभेदाचा निषेध म्हणून हिंदुस्थानानं १९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार थांबवला. पुढे आपल्या पासपोर्टवर हा पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेला चालणार नाही असा मजकूर छापलेला असे. १९९३ मध्ये राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले. भूमिका न्यायाची होती, मला तिचा अभिमान आहे. पण या मधल्या सत्तेचाळीस वर्षांत इकडचे चुलते आणि तिकडचे पुतणे एकमेकांना न बघता म्हातारे झाले. पत्रं येत, पण तीही हळूहळू कमी होत गेली, कारण पत्र लिहिणारा आणि पत्र वाचणारा यांची लिपी एक राहिली नाही.

म्हणून आता तिकडून कुणी आलं की फजिती होते. मागे महाडच्या बाजारात केपटाऊनचं एक वयस्क जोडपं भेटलं. त्यांना पार हवं होतं. दुकानदारानं विचारलं, 'कुठला पार, चाचा? देवळाचा की एसटी स्टँडचा?' कारण त्याच्या मनात वडाचा पार. दुसऱ्यानं त्यांना थेट प्रतापगडाकडे जाणारी गाडी दाखवली. मी विचारलं, आजोबांच्या तोंडी आणखी कुठली नावं असायची? बाई जरा आठवून म्हणाल्या, 'बाणकोट. आणि नदी.' मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना घाटाच्या उलट्या दिशेला, खाडीकडे धाडलं.

आडनावाचा माग काढणाऱ्यांनी इथं सावध राहायला हवं. इंटरनेटवर आडनाव टाकलं की जगाचा नकाशा रंगवून मिळतो. पार्कर टाकलं तर इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया सगळं लाल होतं. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शंभर आडनावांत हे एक आहे. त्या लाल रंगात केपटाऊनचे कोकणी वेगळे निवडायचे तर आडनाव उपयोगाचं नाही, त्याच्या आधीचं नाव बघावं लागतं. उलट पारकर टाकलं तर नकाशा पाकिस्तानात सिंधकडे बोट दाखवतो, कारण तिथं थरपारकर नावाचा जिल्हा आहे, नगरपारकर नावाचं गाव आहे आणि पारकरी बोलणारे कोळीही आहेत. कोकणातले काही हौशी लोक यावरून आपलं घराणं सिंधमधून आल्याचं सांगू लागले आहेत. तो पारकर निराळा. त्यात 'पार' आहे, पण तो आपला गावाला लागणारा 'कर' नव्हे. कराचीत कोकणी आहेत हे खरं, तिथं कोकण सोसायटी नावाची वसाहतही आहे, पण ते तिकडे इकडून गेलेले.

आखातात गेलेल्या कोकण्यांचं चित्र वेगळं आहे. १९७० नंतर तेलाच्या पैशानं कुवेत, सौदी, दुबई, कतार उघडले आणि चिपळूण, खेड, महाड, म्हसळ्याची गावंच्या गावं तिकडे लागली. ही मंडळी पासपोर्ट घेऊन गेली. गावातल्या शाळेच्या दाखल्यावर जे नाव तेच पासपोर्टवर, म्हणून आखातात पारकर हा पारकरच राहिला. शिवाय तिथं कायमचं राहता येत नाही, साठीला परत यायचं असतं. गावात बांधलेलं घर त्याची वाट बघतं. आडनाव टिकायला हे बंधनच उपयोगी पडलं, असं माझं मत आहे. ज्याला कायमचं दार उघडलं, त्याचं नाव विरघळलं.

आमच्याच जिल्ह्यातल्या बेने इस्रायलींचं उदाहरण याच्या शेजारी ठेवून बघा. अलिबाग, पेण, रोह्याच्या गावांतले हे तेली ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली. त्यांची आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, राजपूरकर, नवगावकर, केहिमकर. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथं अश्दोद, लोद, रामला, दिमोना, बीरशेबा या शहरांत त्यांची वस्ती आहे. ज्या देशात ते गेले त्या देशाचे पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन हे पोलंडच्या प्लोन्स्क गावचे, मूळ आडनाव ग्रून. शिमोन पेरेस मूळचे पेर्स्की. बेन-गुरियन यांचा आग्रह होता की लष्करातल्या आणि परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्यांनी जुनी परदेशी आडनावं टाकून हिब्रू नावं घ्यावीत. पुष्कळ 'स्की' तिथं गळाले. 'कर' मात्र बऱ्याच घरांनी ठेवले. माझ्या मते त्याला एक कारण आहे. १९६२ च्या सुमाराला तिथल्या धर्मपीठानं बेने इस्रायलींच्या लग्नांबाबत शंका काढली, तुम्ही खरे ज्यू कशावरून, असं विचारलं. लोकांनी निदर्शनं केली आणि १९६४ साली तिथल्या संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला. ज्याचं मूळ कुणीतरी तपासायला घेतलं, तो आपल्या मुळाला घट्ट धरतो. पेणकर हे नाव तिथं पेणच्या गणपतीची आठवण म्हणून टिकलेलं नाही.

केपटाऊनच्या पार्करांपैकी ज्यांना आता मूळ गाव शोधायचंय, त्यांच्यासाठी तीन-चार गोष्टी सांगतो. आडनाव बाजूला ठेवा, ते फार दूर नेणार नाही. तिथल्या सरकारी दप्तरखान्यात आजोबांच्या परवान्याची फाईल असली तर ती काढा. त्यातला जिल्हा आजच्या नकाशावर तसाच सापडणार नाही. कुलाबा लिहिलं असेल तर रायगडात या, हबसाण असेल तर मुरूड-श्रीवर्धनकडे, आणि रत्नागिरी असेल तर मंडणगडापासून खाली विचारत जा, कारण त्या काळच्या रत्नागिरीत आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही होता. गावाचं नाव इंग्रजी कारकुनानं लिहिलेलं असणार, ते मनातल्या मनात न वाचता मोठ्यानं वाचा, दोन-तीनदा, वेगवेगळ्या तऱ्हेनं. आणि ते इथल्या एखाद्या म्हाताऱ्या तांडेलापुढे वाचा. त्याला इंग्रजी येत नसेल तर उत्तमच.